हवेचे ओझे : पास्कल आणि चिखलदऱ्याचा घाट

परतवाड्याहून निघालेली मोटार मैदान सोडून चिखलदऱ्याच्या घाटास लागली, म्हणजे प्रवाशांस काही चमत्कारिक अनुभव येऊ लागतात. पाचसहा वळणे मागे पडतात न पडतात तोच कानांत दडे बसतात. शेजारच्या माणसाचे बोलणे दुरून आल्यासारखे वाटते. आणि एखादा आवंढा गिळताच कानांत काही सुटल्यासारखे होऊन सर्व पूर्ववत ऐकू येते. मुलांच्या हातांत बटाट्याच्या काचऱ्यांची बंद पिशवी असेल, तर ती वर पोहोचेपर्यंत उशीसारखी टम्म फुगलेली दिसते. वर मुक्काम करून गृहिणीने उघड्या पातेल्यात तुरीची डाळ शिजत घातली, तर खालच्यापेक्षा तीस वेळ अधिक लागतो, आणि सरपण ओले असेल असे वाटून बिचाऱ्या सरपणास दोष दिला जातो. कान, पिशवी आणि डाळ यांचा परस्परांशी काही संबंध असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. तथापि या तिन्ही गोष्टींचे मूळ एकच आहे. आपण वर चढलो म्हणजे आपल्या डोक्यावरील हवेचे ओझे कमी झालेले असते.

हवेस वजन आहे, हे आज शाळेतील मूलही सांगेल. परंतु ते ओझे डोंगर चढताना कमी होत जाते, हे मोजून दाखविण्याचा पहिला यशस्वी प्रयोग १६४८ साली झाला, आणि तो एका फ्रेंच तरुणाच्या कल्पनेतून निघाला. त्याचे नाव ब्लेझ पास्कल. द्रव आणि वायू यांच्याविषयी या गृहस्थाने काय शोधून काढले, आणि आपल्या वऱ्हाडातील विहिरींशी व कापसाच्या प्रेसांशी त्याचा काय संबंध पोहोचतो, हे आज आपणांस सांगावयाचे आहे.

प्रथम विहिरीचीच गोष्ट घेऊ. ज्या शेतकऱ्याच्या विहिरीचे पाणी खोल आहे, त्यास एक गोष्ट अनुभवाने ठाऊक असते. पाणी ओढणारा पंप काठावर ठेवला आणि पाणी वीसबावीस फुटांच्या फार खाली गेले, तर इंजिन कितीही जोराचे असो, नळीतून पाणी येत नाही. यासाठी पुष्कळ ठिकाणी विहिरीच्या आत कट्टा बांधून किंवा लोखंडी तुळया टाकून पंप खाली उतरवावा लागे. नवा माणूस म्हणतो, 'पंप कमी ताकदीचा आहे, मोठा आणा.' मोठा आणला तरी पाणी आपली पातळी सोडीत नाही, आणि पैसे मात्र जातात.

हीच अडचण सुमारे चारशे वर्षांपूर्वी इटलीतील पंप बसविणाऱ्यांस आली होती. गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात तिचा उल्लेख केला आहे. ओढणारा पंप सुमारे दहा मीटरांहून अधिक उंच पाणी चढवीत नाही, असे आढळून आले होते. त्या काळच्या पंडितांचे मत असे की, निसर्गास पोकळीचा तिटकारा आहे. पंपाचा दट्ट्या वर गेला की खाली रिकामी जागा होऊ पाहते, आणि ती होऊ नये म्हणून पाणी धावत वर येते. हे मत ॲरिस्टॉटलच्या नावावर चालत आलेले असल्याने त्यावर शंका घेणे म्हणजे मोठेच धाडस होते. पण निसर्गास पोकळीचा तिटकारा असेल, तर तो दहा मीटरांपर्यंतच का असावा? अकराव्या मीटरास त्याचा तिटकारा एकाएकी का संपावा? यास पंडितांपाशी समाधानकारक उत्तर नव्हते.

गॅलिलिओच्या अखेरच्या दिवसांत त्याच्याजवळ राहिलेला टॉरिसेली याने या कोड्याची किल्ली शोधली. पाण्याऐवजी पारा घ्यावा, असे त्याने सुचविले. पारा पाण्याच्या साडेतेरा पटींहून थोडा अधिक जड. तेव्हा जेथे पाण्यास दहा मीटरांची नळी लागते, तेथे पाऱ्यास एक मीटरचीही पुरेल. १६४३-४४ च्या सुमारास फ्लॉरेन्स येथे हा प्रयोग झाला. एका टोकास बंद असलेली काचेची नळी पाऱ्याने काठोकाठ भरली, तोंडावर बोट दाबून ती पाऱ्याच्या भांड्यात उलटी उभी केली आणि बोट काढून घेतले. नळीतील पारा थोडा खाली आला आणि भांड्यातील पातळीपासून सुमारे ७६ सेंटिमीटरांवर थबकला. वर रिकामी जागा राहिली. टॉरिसेलीचे म्हणणे असे की, माशांवर जसा पाण्याचा, तसा आपणां सर्वांवर हवेचा समुद्र पसरलेला आहे, आणि आपण त्याच्या तळाशी राहतो. भांड्यातील पाऱ्यावर त्या समुद्राचा भार पडतो, आणि तोच भार नळीतील पाऱ्यास तोलून धरतो. नळीच्या आत कोणी ओढीत नाही; बाहेरून ढकलले जाते.

श्रोतेहो, विहिरीवरील पंपाचे कोडे येथे सुटले. पंप पाणी ओढीतच नाही. तो फक्त नळीतील हवा काढून घेतो, आणि विहिरीतील पाण्यावर पडलेला हवेचा भार ते पाणी नळीत वर लोटतो. तो भार जितके पाणी तोलू शकेल तितकेच वर येणार. समुद्रकाठी ही मर्यादा १०.३ मीटर, आणि सांधे, घर्षण, पाण्याची वाफ यांचा विचार करता प्रत्यक्षात सहासात मीटर मिळाले तरी पुष्कळ. इंजिन मोठे आणल्याने हवेचे ओझे वाढत नाही, म्हणून पाणीही अधिक वर येत नाही. पाण्यात बुडवून ठेवण्याचे आजचे पंप खोल विहिरींतून व कूपनलिकांतून पाणी आणतात, ते याच कारणाने. ते खालून पाणी वर ढकलतात. त्यांस हवेच्या मदतीची गरज पडत नाही.

परंतु टॉरिसेलीचे म्हणणे अद्याप मतच होते. विरोधकांचे तोंड बंद झालेले नव्हते. कोणी म्हणत, पाऱ्यावरची जागा रिकामी नाही, पाऱ्याच्याच सूक्ष्म वाफेने ती भरली आहे. कोणी म्हणत, निसर्गास पोकळीचा तिटकारा आहेच, पण तो मर्यादित आहे; ७६ सेंटिमीटर पारा उचलण्याइतकाच. या वादात पास्कल उतरला.

पास्कलचा जन्म फ्रान्समधील क्लेर्मों या गावी १९ जून १६२३ रोजी झाला. आई लहानपणीच वारली. वडिलांनी मुलांचे शिक्षण स्वतःच केले. वडील रूआँ या शहरी करवसुलीच्या कामावर असताना त्यांची आकडेमोड हलकी व्हावी म्हणून या मुलाने विशीच्या आत बेरीज-वजाबाकी करणारे यंत्र तयार करावयास घेतले. प्रकृती मात्र तरुणपणापासून नाजूक. याच रूआँ शहरी १६४६ च्या शरद ऋतूत पियेर पेती नावाच्या एका गृहस्थाने त्यास व त्याच्या वडिलांस टॉरिसेलीचा प्रयोग करून दाखविला, आणि पास्कलास त्याचा ध्यासच लागला.

रूआँस काच बनविणारे कारागीर उत्तम होते. पास्कलाने त्यांच्याकडून सुमारे पंधरा मीटर लांबीच्या काचेच्या नळ्या करवून घेतल्या आणि त्या गलबताच्या डोलकाठीस बांधून उभ्या केल्या. एकीत पाणी, दुसरीत तांबडी द्राक्षमदिरा. प्रयोगापूर्वी त्याने जमलेल्या मंडळींस विचारले, कोणता द्रव अधिक उंच राहील? ज्यांचे मत वरची जागा द्रवाच्या वाफेने भरते असे होते, ते म्हणाले, मदिरा अधिक वाफाळ आहे, तिची वाफ अधिक होऊन ती तिला अधिक खाली दाबील. तेव्हा मदिरा पाण्याहून खाली राहील. नळ्या उलट्या केल्या तो मदिराच थोडी उंच राहिली. कारण उघड होते. मदिरा पाण्याहून किंचित हलकी; तेवढाच भार तोलावयाचा तर तिचा स्तंभ थोडा उंच हवा. वाद हरला तो आरडाओरडीने नव्हे. उत्तर आधी वदवून घेऊन मग नळी उलटी केल्याने हरला. प्रश्न विचारण्याची ही रीत पास्कलची खास होती.

तरीही मुख्य मुद्दा बाकीच होता. पाऱ्यास तोलून धरणारे निसर्गाचे वैर आहे की हवेचे वजन, याचा निर्णय कसा करावा? पास्कलच्या मनात एक सरळ विचार आला. हवेचा समुद्र असेल, तर त्या समुद्राच्या तळापासून जसजसे वर जावे तसतसा डोक्यावरील थर कमी होईल, भार घटेल, आणि नळीतील पारा खाली उतरेल. उलटपक्षी, निसर्गास पोकळीचा तिटकारा असेल, तर तो पायथ्याशी आणि शिखरावर सारखाच असला पाहिजे. डोंगराच्या पायथ्याशी निसर्ग पोकळीचा द्वेष करतो आणि माथ्यावर तो कमी करतो, असे कोण म्हणेल? तेव्हा एक उंच डोंगर पाहिजे, आणि एक नळी.

पॅरिसजवळ असा डोंगर नव्हता. पण त्याच्या जन्मगावी, क्लेर्मोंलगत, पुई द दोम हा १४६५ मीटर उंचीचा विझलेला ज्वालामुखी उभा होता, आणि गावात त्याची बहीण व मेहुणे फ्लोरॅं पेरिए राहत होते. १५ नोव्हेंबर १६४७ रोजी पास्कलाने मेहुण्यांस पत्र लिहून हा प्रयोग करण्याची विनंती केली. पेरिए सरकारी कामात गुंतलेले. शिवाय हिवाळ्यात शिखरावर बर्फ आणि धुके. प्रयोगास दहा महिने लागले. या अवधीत पास्कल पॅरिसमध्ये वाट पाहत राहिला. आपले म्हणणे खरे की खोटे ठरणार, हे त्याच्या हाती नव्हते. ते एका दूरच्या डोंगरावर ठरावयाचे होते.

अखेर १९ सप्टेंबर १६४८ रोजी सकाळी हवा बरी दिसली. पेरिए यांनी गावातील काही प्रतिष्ठित मंडळी बरोबर घेतली. त्यांत धर्मोपदेशक होते, न्यायखात्यातील अधिकारी होते, एक वैद्यही होते. गावातील एका मठाच्या बागेत, म्हणजे परिसरातील सखल जागी, दोन सारख्या नळ्यांत एकाच भांड्यातील पारा भरून प्रयोग केला. दोन्ही नळ्यांत पारा सारख्याच उंचीवर राहिला. आजच्या मापाने सुमारे ७१ सेंटिमीटर. यानंतर पेरिए यांनी जे केले, त्याकडे आपण विशेष लक्ष द्यावे. त्यांनी एक नळी तेथेच उभी ठेवली आणि मठातील शास्तॅं नावाच्या एका साधूस विनंती केली की, आपण दिवसभर येथे बसून पारा हलतो की काय ते पाहत राहावे. दुसरी नळी व पारा घेऊन मंडळी डोंगर चढू लागली.

पायथ्यापेक्षा सुमारे एक हजार मीटर उंच शिखरावर पोहोचून नळी भरली, तो पारा ६३ सेंटिमीटरांच्याही किंचित खाली थांबला. आठ सेंटिमीटरांहून अधिक फरक! मंडळी चकित झाली. पेरिए यांनी आपल्याच डोळ्यांवर विश्वास न ठेवता शिखरावर निरनिराळ्या पाच जागी प्रयोग केला. एकदा तेथील लहान देवळात, एकदा उघड्यावर, एकदा आडोशास, एकदा वाऱ्यात, एकदा धुके-पाऊस आला असता. प्रत्येक वेळी उत्तर तेच. उतरताना डोंगराच्या मध्यावर पुन्हा नळी भरली, तेव्हा पारा दोन्हींच्या मधल्या उंचीवर राहिला. संध्याकाळी बागेत परत येऊन शास्तॅंना विचारले. ते म्हणाले, दिवसभरात पारा मुळीच हललेला नाही. शिखरावर नेलेली नळीही बागेत भरताच पुन्हा सकाळच्याच खुणेवर आली. दुसऱ्या दिवशी शहरातील मोठ्या चर्चच्या मनोऱ्यावर नळी नेली, तेथेही थोडासा, पण स्पष्ट फरक दिसला. ही वार्ता मिळताच पास्कलाने पॅरिसमधील उंच मनोऱ्यावर स्वतः तो प्रयोग करून पाहिला आणि त्याच वर्षी हा सर्व वृत्तांत एका छोट्या पुस्तिकेत छापला.

डोंगरावरील या प्रयोगाची सूचना आपणच पास्कलास केली होती, असे थोर तत्त्वज्ञ देकार्त याने पुढे म्हटले. दोघांची भेट १६४७ च्या सप्टेंबरात झाली होती, हे खरे. त्या वादात आपणांस शिरण्याचे कारण नाही. पास्कलविषयी सांगण्यासारखी गोष्ट निराळीच आहे. आरंभी तो स्वतःही निसर्गाच्या तिटकाऱ्याचे मत अजिबात टाकून देण्यास तयार नव्हता. जुन्या मतापासून आपण खेदानेच आणि पायरीपायरीने दूर झालो, केवळ सत्याचा जोर आपणांस तेथून हलवू शकला, अशा अर्थाचे त्याने लिहून ठेवले आहे. ज्याचा विजय झाला, त्याचे हे उद्गार आहेत!

आता हाच प्रयोग आपण आपल्या घाटात करू. परतवाडा समुद्रसपाटीपासून सुमारे ३७० मीटर उंच; चिखलदरा सुमारे १,११८ मीटर. चढ साडेसातशे मीटरांचा. पुई द दोमच्या चढापेक्षा तो थोडा कमी, पण प्रयोगास पुरेसा आहे. परतवाड्यास पाऱ्याची उंची साधारणतः ७२.७ सेंटिमीटर भरेल, चिखलदऱ्यास ६६.५ च्या आसपास. म्हणजे सहा सेंटिमीटरांहून अधिक पारा घाटात उतरला. दर बारा मीटर चढाईस एक मिलिमीटर, असा हा ढोबळ हिशेब पडतो. पारा विषारी असल्याने आज त्याच्या नळ्या हाताळू नयेत. पण पुष्कळ मोबाइलांत हवेचा दाब मोजणारे चिमुकले साधन बसविलेले असते, आणि घाटात बसल्या जागी ते आकडे उतरताना पाहता येतात.

मात्र हा प्रयोग करू इच्छिणाऱ्याने मठातील त्या साधूस विसरू नये. आपल्या उष्ण प्रदेशात सूर्याच्या तापामुळे हवेच्या भारास रोज दोनदा भरती-ओहोटी येते. सकाळी दहाच्या सुमारास भार सर्वांत अधिक आणि दुपारी चारच्या सुमारास सर्वांत कमी, असा क्रम असतो; रात्रीही तसेच एक लहान आवर्तन होते. हा फरक दोनतीन मिलिमीटरांपर्यंत जातो. आता समजा, कोणी सकाळी दहास परतवाड्यास मोजणी केली, वाटेत विश्रांती घेत घेत चार वाजता चिखलदऱ्यास पोहोचला आणि तेथे मोजणी केली. त्यास डोंगर खऱ्यापेक्षा तीसएक मीटर अधिक उंच भासेल. डोंगर वाढलेला नसतो. मधल्या वेळात हवाच बदललेली असते. एक मनुष्य पायथ्याशी घड्याळ पाहून टिपणे ठेवीत बसला, तरच चढणाऱ्याच्या आकड्यास अर्थ येतो. शिखरावर गेलेल्या मंडळींची नावे इतिहासात राहिली. पण त्यांच्या आकड्यास आधार दिला तो खाली बसून राहिलेल्या शास्तॅंनी.

असे खाली बसून टिपणे ठेवणारे लोक आपल्या महाराष्ट्रातही झाले. मुंबईस कुलाब्याची वेधशाळा १८२६ साली स्थापन झाली, आणि पुढे १८४१ पासून तेथे हवामानाची नियमित नोंद होऊ लागली. प्रोफेसर ऑर्लिबार यांच्या हाताखाली तेथे ज्या तरुणाने काम केले, ते केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजेच पुढे पुण्यास लोकमान्य टिळकांचे गुरू म्हणून प्रसिद्ध झालेले केरूनाना. मराठीत पदार्थविज्ञानावर पुस्तक लिहिणाऱ्या पहिल्या मंडळींत त्यांची गणना होते. तासातासास वायुभारमापक पाहावयाचा आणि आकडा लिहावयाचा, हे काम दिसण्यास रुक्ष. परंतु हवेच्या समुद्रातील भरती-ओहोटी अशाच आकड्यांच्या राशींतून उमगली.

आता आरंभीच्या तीन कोड्यांकडे वळू. कानाच्या पडद्यामागे थोडी हवा कोंडलेली असते. घाट चढताना बाहेरचा भार कमी होतो, आतील हवा पडद्यास बाहेर लोटते, आणि दडा बसतो. आवंढा गिळल्याने घशाकडील बारीक नळी उघडते व दोन्हीकडील भार सारखा होतो. पिशवीची गोष्टही हीच. पास्कलाने आपल्या लेखनात अर्धवट फुगविलेला फुगा डोंगरावर नेल्यास तो वर चढताना फुगत जातो, आणि उतरताना पुन्हा चिमतो, असे वर्णन केले आहे. किती फुगेल, याचा नेमका नियम इंग्लंडातील रॉबर्ट बॉईल याने १६६२ साली प्रसिद्ध केला. उष्णता तीच ठेवली, तर भार जितक्या पटीने घटेल तितक्या पटीने वायूचा आकार वाढतो. परतवाड्याच्या आणि चिखलदऱ्याच्या भारांचे प्रमाण पाहता, पायथ्याशी शंभर भाग असलेली हवा वर सुमारे एकशे नऊ भाग जागा मागते. पिशवीत तेवढी जागा नसते. म्हणून ती ताठ होते. आणि डाळ? पाण्यावरील भार हलका झाला की ते लवकर उकळते. चिखलदऱ्यास पाणी शंभराऐवजी शहाण्णव अंशांच्या सुमारास उकळू लागते, आणि एकदा उकळू लागले की उघड्या पातेल्यात त्याहून अधिक तापत नाही. डाळ चार अंश कमी उष्णतेत शिजते. म्हणून वेळ लागतो. घट्ट झाकणाचा कुकर हा गेलेला भार कृत्रिम रीतीने परत आणतो, इतकेच. ओढणाऱ्या पंपासही घाट हाच कर घेतो. समुद्रकाठची १०.३ मीटरांची मर्यादा चिखलदऱ्यास नऊ मीटरांवर येते.

येथवर आपण वायूविषयी बोललो. द्रवांविषयी पास्कलाने जो नियम सांगितला, तो तर वऱ्हाडातील गावागावांत काम करीत आहे. बंद भांड्यातील द्रवावर एका ठिकाणी दाब दिला, तर तो दाब द्रवाच्या प्रत्येक भागास, सर्व दिशांनी, सारखाच पोहोचतो. पास्कलाने यासाठी पाण्याने भरलेले एक भांडे कल्पिले. त्यास दोन तोंडे. एक दुसऱ्याच्या शंभरपट मोठे. दोन्हींत दट्टे बसविलेले. लहान दट्ट्यावर एका माणसाने जोर दिला, तर तो मोठ्या दट्ट्यावरील शंभर माणसांच्या जोरास तोलून धरील! ही जादू नव्हे, हेही त्यानेच दाखविले. लहान दट्टा शंभर बोटे खाली जाईल, तेव्हा मोठा एकच बोट वर येईल. जोरात जे मिळाले, ते अंतरात फेडावे लागते. निसर्गाच्या दुकानी उधारी नाही.

हे भांडे पास्कलच्या हयातीत मोठ्या उद्योगास लागले नाही. दट्ट्याच्या कडेने पाणी झिरपू न देणारे घट्ट वेष्टन करणे त्या काळच्या कारागिरांस कठीण होते. सुमारे दीडशे वर्षांनी, १७९५ साली, इंग्लंडातील जोसेफ ब्रामा याने अशा जलदाबयंत्राचा हक्क नोंदविला. आणि मग ते यंत्र जेथे कापूस पिकतो तेथे गेले. आपल्याकडे अमरावती, अकोला, खामगाव येथे कापसाचा बाजार वाढला, जिन आणि प्रेस उभे राहिले. शेतकऱ्याची गाडी जिनात रिकामी होते. सरकी वेगळी निघते. उरलेली रुई म्हणजे नुसता ढगच! त्या ढगास दूरच्या गिरणीपर्यंत न्यावयाचे तर गाडीच्या डब्यात मुख्यतः हवाच वाहून न्यावी लागेल. प्रेसमध्ये लहान नळीतून पाण्याचा, पुढे तेलाचा, दाब मोठ्या दट्ट्याखाली जातो, तो दट्टा सावकाश वर सरकतो, आणि रुईचा ढग दाबून त्याची कठीण गठाण होते. आज अशी एक गठाण साधारणतः १७० किलोंची बांधतात. वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या आणि परदेशच्या गिरण्यांपर्यंत परवडेल अशा भाड्यात पोहोचू शकला, यात पास्कलच्या त्या दोन तोंडांच्या भांड्याचा वाटा आहे. मोटारीचा ब्रेकही याच नियमाने चालतो. चालकाच्या पायाचा जोर द्रवातून चारी चाकांस सारखा पोहोचतो. तेव्हा चिखलदऱ्याच्या वळणांवर आपला जीव ज्या गोष्टीवर विसंबून असतो, ती गोष्टही पास्कलचीच!

पास्कल १९ ऑगस्ट १६६२ रोजी, वयाच्या अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी, पॅरिसमध्ये मरण पावला. द्रवांचा समतोल आणि हवेचे वजन यांवरील त्याचे दोन निबंध त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ साली प्रसिद्ध झाले. आयुष्याच्या उत्तरार्धात त्याचे मन धर्मचिंतनाकडे वळले होते. परंतु त्याने उघडलेली वाट बंद झाली नाही. १९७१ साली आंतरराष्ट्रीय परिषदेने दाबाच्या एककास 'पास्कल' हे नाव दिले. हवामानाच्या वार्तापत्रांतील हेक्टोपास्कल म्हणजे असे शंभर पास्कल. भारतीय हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले, आणि १९२८ साली त्याचे मुख्य कार्यालय पुण्यास आले, म्हणून आपण लोक अद्यापि 'पुण्याची वेधशाळा' असेच म्हणतो. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र निर्माण झाले आहे, असे ती सांगते, तेव्हा वऱ्हाडातील शेतकरी आभाळाकडे पाहू लागतो. कारण पावसाळ्यात अशी क्षेत्रे पुष्कळदा पश्चिमेकडे सरकत विदर्भावर येतात आणि पाऊस देतात. त्या 'कमी दाबा'चा अर्थ एवढाच की, तेथे हवेचा समुद्र थोडा हलका झाला आहे, आणि नळीतील पारा काही मिलिमीटर उतरला आहे. पेरणी करावी की थांबावे, या चिंतेचा एक धागा असा त्या काचेच्या नळीपर्यंत जाऊन पोहोचतो.

श्रोतेहो, एका खोलीतील हवेचे वजन किती असेल, याचा अंदाज करून पाहा. चार मीटर लांब, तीन मीटर रुंद व तीन मीटर उंच खोलीत सुमारे चाळीस किलो हवा असते; जुन्या मापाने एक मणाहून थोडी अधिक. तळहातावर तर जवळजवळ शंभर किलोंचा भार सदैव पडत असतो. तो खालून-वरून, सर्व बाजूंनी सारखा असल्याने आपणांस जाणवत नाही. न जाणवणाऱ्या गोष्टीचे वजन करण्यास तराजू कोणता वापरावा, हा खरा प्रश्न होता. पास्कलाने डोंगराचा तराजू केला.

पुढच्या वेळी आपण चिखलदऱ्यास जाल, तेव्हा घाटात कानांत दडा बसताच घाबरू नये. परतवाड्यास घरी असलेल्या कोणास दूरध्वनीवरून तेथील दाबाचा आकडा विचारावा, आपल्या हातातील आकड्याशी तो ताडून पाहावा, आणि डोंगराची उंची आपली आपण काढावी. मुले बरोबर असतील, तर त्यांच्या हाती वही-पेन्सिल द्यावी. उत्तर दहावीस मीटरांनी चुकले तरी हरकत नाही; ते कोठे चुकले, याचा शोध घेण्यातच उरलेली वाट मजेत सरेल.